वळिवडे : परतीसाठी भरलेली शाळा

लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जायचे, हा कोल्हापूर-सांगलीकडचा जुना रिवाज. लहानपणी मीही आईबरोबर त्या कापडबाजारात गेले आहे. ‘इथं पूर्वी पोलंडच्या लोकांचा कँप होता,’ असे कुणीतरी म्हणे आणि बोलणे पुन्हा साड्यांच्या काठांवर येई. पुढे त्या छावणीविषयी वाचू लागले तेव्हा माझे लक्ष तिथल्या शाळांवर अडले. निर्वासिताला छप्पर आणि शिधा लागतो हे सांगावे लागत नाही. पण नुकत्याच येऊन पडलेल्या मुलांना शिकवायचे काय, आणि कोणत्या देशात जगण्यासाठी, हा प्रश्न वळिवड्यात पाच वर्षे उभा होता.

ही मुले आली कुठून? 17 सप्टेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. 1940-41 मध्ये तिथल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेण्यात आले. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर चित्र पालटले. जुलै 1941 च्या करारानुसार या लोकांची सुटका झाली, जनरल आंदर्स यांनी पोलिश सैन्य उभारले आणि 1942 मध्ये त्या सैन्याबरोबर हजारो बायका-मुले कॅस्पियन ओलांडून इराणात उतरली. तिथून कराचीमार्गे 1943 च्या उन्हाळ्यापासून ती वळिवड्याला येऊ लागली. छावणीत सुमारे पाच हजार माणसे राहिली. कर्ते पुरुष सैन्यात होते किंवा वाटेत दगावले होते, म्हणून त्यांत बायका आणि मुलेच अधिक.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश मुलांना आश्रय दिला, असे सभा-समारंभांतून सर्रास सांगितले जाते. तसे आश्रयदाते जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी होते; 1942 मध्ये त्यांनी बालाचडीला अनाथ मुलांसाठी छावणी उघडली. वळिवड्याच्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेतलेले तान्हे मूल होते. जमीन संस्थानच्या हद्दीतली, व्यवस्था हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली आणि खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची, असा तो व्यवहार होता. संस्थानच्या मोठेपणाला याने बाधा येत नाही. मात्र शाळांचे धोरण कोण ठरवत होते, हे त्यावरून कळते.

ते धोरण सरळ होते : युद्ध संपेल, आपण घरी जाऊ, तेव्हा मुले तिथल्या वर्गांत बसू शकली पाहिजेत. म्हणून शिक्षण पोलिश भाषेत आणि पोलंडच्याच पद्धतीने. बालवर्ग, प्राथमिक शाळा, त्यावर गिम्नाझियुम, मग लित्सेउम. अडचण मुलांच्या वयाची होती. ज्यांची दोन-तीन वर्षे बर्फात, लाकूडतोडीत आणि उपासमारीत गेली, त्यांचे वय पुढे सरकले होते आणि इयत्ता मागे राहिली होती. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला लहानग्यांच्या बाकावर बसवायचे, आणि तेही अशा मुलीला जिने आजारी आईसाठी पावाच्या रांगा धरल्या आहेत, हे अक्षरओळख करून देण्याहून कितीतरी अवघड काम. ते पडले मुख्यतः शिक्षिकांवर, आणि त्या स्वतःही त्याच गाड्यांतून आलेल्या.

शिक्षक कमी पडत तिथे उपयोगी पडली ती बालवीर चळवळ. पोलंडमध्ये तिला ‘हार्त्सेर्स्त्वो’ म्हणतात आणि शाळेइतकीच ती त्या समाजात मुरलेली आहे. आपल्याकडे स्काउट म्हटले की खाकी चड्डी आणि दोरीच्या गाठी आठवतात; वळिवड्यात त्याचा अर्थ वेगळा होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती आठ-दहा धाकट्या मुलींची तुकडी. त्यांना घेऊन पंचगंगेवर जायचे, शेकोटीभोवती गाणी शिकवायची, कोण रात्री रडते आणि कोण कुणाशीच बोलत नाही यावर नजर ठेवायची. पगार नाही, पदवी नाही. या पथकांना वळण देणाऱ्यांत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे तरुण अधिकारी होते. कातीनच्या हत्याकांडात त्यांचे बरोबरीचे हजारो अधिकारी मारले गेले आणि ते मोजक्या वाचलेल्यांपैकी एक. पुढे ते धर्मगुरू झाले. माझ्या मते या छावणीतले सर्वांत टिकाऊ शिक्षण वर्गात नव्हे, या तुकड्यांत झाले. आदल्या वर्षी आलेल्याने यंदा आलेल्याचा हात धरायचा, एवढीच त्याची रीत.

आणि मग फेब्रुवारी 1945. याल्टाच्या परिषदेत पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाला देण्यावर शिक्कामोर्तब झाले. वळिवड्यातली बहुतेक कुटुंबे त्याच भागातली, ल्वूफ, विल्नो, वोलिन या बाजूची. म्हणजे ज्या घरी परतायचे म्हणून हा सारा खटाटोप, ते घर आता परदेशात गेले. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली. शाळा मात्र भरतच राहिली. नाहीशा झालेल्या सरहद्दींचा भूगोल शिकवताना त्या शिक्षिकांना काय वाटत असेल, हे मला आजही नीट कल्पता येत नाही.

दुसरा विचार मांडणारी एक बाई होती. वांदा दिनोव्स्का 1935 मध्ये हिंदुस्थानात आल्या. थिऑसफीच्या मार्गाने आल्या आणि गांधीजींच्या झाल्या. उमादेवी हे नाव त्यांना गांधीजींनीच दिले. छावणीतल्या तरुणांनी ज्या देशात आपण आहोत तो देश तरी ओळखावा, म्हणून त्या त्यांच्यासाठी व्याख्याने देत, सहली काढत. 1944 मध्ये मोरिस फ्रीडमन यांच्याबरोबर त्यांनी इंडो-पोलिश लायब्ररी ही ग्रंथमाला सुरू केली. हेच फ्रीडमन औंधच्या स्वराज्य-प्रयोगातले भारतानंद, आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत नेणारे. गीतेचे पोलिश भाषांतर करणाऱ्या उमादेवींकडे कॅथलिक छावणीत सर्वांनीच मोकळ्या मनाने पाहिले असेल असे नाही. आईबापांची भीतीही मला समजते : घर गेले, आता भाषा आणि धर्मही गेला तर उरले काय? पण परतीची वाट बंद झाल्यावर उमादेवींचा आग्रह अधिक व्यवहारी ठरला, असे मला वाटते.

1947-48 मध्ये छावणी रिकामी झाली. सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, काही पूर्व आफ्रिकेत, थोडी पोलंडला. दोन-चार मुली इथेच संसार मांडून राहिल्या. लंडनमध्ये या मुलामुलींनी पुढे मंडळ काढले आणि आठवणी व कागदपत्रांचा जाडजूड ग्रंथ स्वतःच सिद्ध केला. पोलिशमध्ये तो 2000 साली निघाला. ज्या शाळेने त्यांना परत नेले नाही, तिने त्यांना तो लिहिण्यापुरती भाषा राखून दिली होती.

उमादेवी इथेच राहिल्या. 1960 नंतर त्या धरमशालेला तिबेटी निर्वासितांत काम करू लागल्या आणि सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा नव्याने आलेल्या मुलांमध्ये जाऊन बसल्या. 1971 मध्ये म्हैसूरला त्यांचे निधन झाले.

वळिवड्याच्या बराकी मात्र फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे तिथे उतरली आणि छावणीचे गांधीनगर झाले. त्यांच्या मुलांना सिंधी लिपी शिकवायची की मराठी, हा पेच त्याच छपरांखाली पुन्हा सुरू झाला. या वेळी परत जाण्याची आशा कुणी धरली नव्हती. आईने ज्या दुकानातून माझ्या मावशीच्या लग्नाचा शालू घेतला, तिथले सिंधी दुकानदार आमच्याशी अस्सल कोल्हापुरीत घासाघीस करत होते, आणि वहीत हिशेब मात्र उजवीकडून डावीकडे लिहीत होते.