वारल्यांचा उठाव, आंबेडकरी जलसा आणि ‘स्वदेसी’चा रॅप

२०१९ साली मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे आणले. गाणे आरे जंगलासाठीचे होते. नाव मात्र ऐकताच आमच्या पालघर जिल्ह्याचा इतिहास आठवावा असे. बोईसर, तारापूर, पालघरच्या वस्त्यांमधली पोरे हे गाणे मोबाईलवर ऐकतात, त्यातल्या ओळी एका दमात म्हणूनही दाखवतात. पण वारल्यांचा उठाव कधी झाला, कुठे झाला, कशासाठी झाला असे विचारले की गप्प होतात. यात दोष पोरांचा नाही. शाळेच्या पुस्तकात हा उठाव जेमतेम सापडतो आणि आपल्या जयंतीच्या मंचावर तर तो येतच नाही.

आपल्याकडे या विषयावर दोन मते ऐकू येतात. ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, रॅप हे अमेरिकेचे उसने वारे आहे, त्याचा आपल्या चळवळीशी काय संबंध? तरुण म्हणतात, जलसा हे आजोबांच्या काळातले प्रकरण आहे, आता ते कोण ऐकणार? आमच्या मते दोन्ही मते इतिहासाला सोडून आहेत. ‘स्वदेसी’ने जे केले, म्हणजे दुसऱ्या समाजाच्या लढ्यासाठी त्या समाजाच्याच माणसाला पुढे ठेवून, लोकांच्या बोलीत गाणे केले, ते काम आंबेडकरी चळवळीला नवे नाही. पालघर जिल्ह्यात तर ते नव्याने हाती घेतल्याशिवाय पर्याय नाही. हे का, ते क्रमाने पाहू.

‘स्वदेसी’ म्हणजे काय?

‘स्वदेसी’ हा काही एका गायकाचा ब्रँड नाही. मराठी, हिंदी, गुजराती अशा वेगवेगळ्या भाषांत लिहिणारे रॅपर आणि बीट बनवणारे संगीतकार यांचा तो समूह आहे. एमसी मवाली म्हणजे अकलेश सुतार, एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, जो आपल्या नावातला ‘सौ’ शंभरच्या आकड्याने लिहितो, अशी ही मंडळी. २०१९ च्या ‘गली बॉय’ सिनेमातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात यांतल्या काहींचे आवाज आहेत. तिथेही तोडफोड गुजरातीत आणि सौरभ मराठीत बोलतो. बाजारात चालावे म्हणून त्यांनी आपली भाषा सोडली नाही, हे आपल्या लेखक-कवींनीही लक्षात घ्यावे.

२०२० साली त्यांचा ‘चेतावनी’ हा अल्बम आला. तो काळ नागरिकत्व कायद्याविरोधातल्या आंदोलनांचा होता. अल्बम म्हटला की एक चेहरा आणि त्याच्या मागे दहा अनामिक हात, अशी बाजाराची रीत आहे. इथे रीत उलटी आहे. प्रत्येकाची भाषा वेगळी, लिहिण्याची पद्धत वेगळी, आणि तरी काम सगळ्यांचे मिळून. मार्च २०२२ मध्ये तोडफोड अवघ्या २४ व्या वर्षी गेला. एवढ्या लहान वयात त्याने आपल्या मातृभाषेला रॅपमध्ये जागा मिळवून दिली होती.

आता त्या गाण्याकडे येऊ. आरे जंगलात आदिवासींचे २७ पाडे आहेत. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तिथे झाडे तोडायला सुरुवात झाली आणि दोन हजारांहून जास्त झाडे कापली गेली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले, तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. या लढ्याच्या काळात ‘स्वदेसी’ने आरेतल्या केलटीपाड्याचे वारली कलावंत आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणे केले. भोईरांचा आवाज त्यात चवीपुरता घातलेला नाही, त्यांचे नाव गाण्याच्या नावाबरोबर लावलेले आहे.

१९४५: आमच्या जिल्ह्यात काय घडले?

तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वारल्यांची जमीन सावकार-जमीनदारांच्या घशात गेली होती. ज्या जमिनीचे ते मालक होते, तिच्यावरच ते वेठीला राबत. लग्नासाठी कर्ज घेतले की नवरा-बायको दोघेही सावकाराचे गुलाम होत. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज दोनशे रुपयांचेही नसे आणि राबणे मात्र जन्मभराचे.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेची परिषद झाली. हजारो वारली आले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असे ठरले, आणि ठरले ते पाळलेही. पावसाळा संपल्यावर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी हुतात्मे झाले. तरी संप मोडला नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी हा लढा उभा केला. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लिहून ठेवला आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

इथे काही मित्र म्हणतील, हा तर लाल बावट्याचा इतिहास, आपला निळ्या झेंड्याशी काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे.

सुटलेला धागा

बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाकडून मुंबई विधानसभेत निवडून आलेल्यांत शामराव परुळेकर होते. हो, तेच परुळेकर. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याच्या पुढाऱ्यांत बाबासाहेब होते आणि परुळेकरही होते. म्हणजे कोकणातल्या कुळांच्या बाजूने उभे राहण्याचे शिक्षण ज्या माणसाने बाबासाहेबांच्या पक्षात घेतले, तोच सात वर्षांनी वारल्यांच्या पाड्यांवर पोहोचला.

परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. बाबासाहेब आणि कम्युनिस्ट यांच्यातले मतभेद खोल होते, ते झाकण्याचे कारण नाही. जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात विरघळवून टाकणाऱ्यांना बाबासाहेबांनी जे सुनावले ते आजही लागू आहे. पण मतभेद पुढाऱ्यांचे आणि पक्षांचे होते. वेठ भोगणाऱ्या माणसांचे दुःख वेगळे नव्हते. महार वतनाच्या नावाखाली आपल्या आज्या-पणज्यांनी जी वेठ केली, तीच वेठ वारली कर्जाच्या नावाखाली करत होता. वतनाविरुद्धचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात मांडले होते. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. ते कलम वस्तीलाही लागू आहे आणि पाड्यालाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही दोघांसाठी एकच आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद घ्यायला टाळाटाळ होते, तीही दोघांच्या बाबतीत सारखीच. मग मंच तेवढा वेगळा का?

जलसा आणि ब्रॉन्क्स

आता ‘उसन्या वाऱ्या’चा आक्षेप. तमाशा ही कला जातीने आपल्या माणसांच्या माथी मारली होती. नाचायचे-गायचे आपण आणि मजा घ्यायची पाटलाने. सत्यशोधकांनी आणि त्यानंतर आंबेडकरी जलसाकारांनी तोच साचा घेतला आणि आतला माल बदलला. देवाच्या नमनाची आणि गवळणीची जागा प्रबोधनाने घेतली. सवाल-जवाबात अस्पृश्यता, शिक्षण, वतन, दारू हे विषय आले. नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. कर्डकांच्या एका जलशाला बाबासाहेब आपल्या दहा सभांच्या तोलाचे मानत, ही आठवण आंबेडकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वामनदादा कर्डकांनी पुढे हेच काम गाण्यातून केले.

हिप-हॉपचा जन्म याहून वेगळा नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातून मोठा महामार्ग काढला, काळ्या आणि गरीब लोकांच्या वस्त्या मोडल्या. त्या मोडक्या भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क आणि त्याच्या बहिणीने इमारतीच्या हॉलमध्ये एक पार्टी केली. हिप-हॉप तिथून सुरू झाले असे मानतात. महागडी वाद्ये नव्हती, म्हणून दोन तबकड्या आणि एक माईक. आपल्या जलशातही डफ, तुणतुणे आणि खणखणीत गळा, एवढेच भांडवल होते. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिने नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांना ‘उसने वारे’ म्हणणारे कमी नव्हते. शोषितांनी शोषितांकडून शिकणे याला उसनवारी म्हणत नाहीत.

श्रेय कुणाचे?

एकत्र गाणे म्हटले की श्रेयाचा प्रश्न येतो. तमिळनाडूचे उदाहरण पाहा. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा राहिला. त्यातला रॅपर अरिवू याने २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ लिहिले. चहाच्या मळ्यात राबलेल्या आपल्या आजीची कहाणी त्याने त्यात आणली. गाणे जगभर गाजले. पण त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाने त्या गाण्याचे कौतुक करताना मुखपृष्ठावर इतरांना घेतले आणि लिहिणाऱ्या अरिवूलाच वगळले. गदारोळ झाल्यावर त्याचे वेगळे मुखपृष्ठ काढले. गाणे हवे, गाणारा नको, हा अनुभव आपल्या शाहिरांना नवा आहे का?

म्हणून उद्या आपल्या पोरांनी वारली तारपावाल्यासोबत किंवा कोळी गायिकेसोबत गाणे केले, तर तिचे नाव, तिचा मोबदला आणि तिचा नकार देण्याचा हक्क आधी ठरला पाहिजे. ज्यांना शतकानुशतके अनामिक ठेवले गेले, त्यांनीच दुसऱ्याला अनामिक ठेवले तर त्याला विद्रोह म्हणता येणार नाही.

किंमत

हे काम फुकट होत नाही, हेही तरुणांना सांगितले पाहिजे. ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारात दहा जण मारले गेले, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. कबीर कला मंचाच्या सागर गोरखे, रमेश गाईचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या मराठी रॅपरवर सत्तेवर टीका करणाऱ्या गाण्यांसाठी गुन्हे नोंदवले गेले. सरकार रॅपला पोरखेळ समजत नाही. पोरखेळ समजतो तो आपण. म्हणूनच गाणाऱ्या पोरामागे वस्ती, वकील आणि संघटना उभी असली पाहिजे. एकटा रॅपर लगेच उचलला जातो, जलशामागे मात्र गाव उभे असायचे.

बोईसरमध्ये काय करायचे?

आमच्या पट्ट्यात गाण्याला विषय कमी नाहीत. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून चालू आहे. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. एमआयडीसीत विदर्भ-मराठवाड्यातून आलेले आपले लोक आणि पाड्यावरचा आदिवासी एकाच ठेकेदाराच्या हाताखाली, एकाच वासात काम करतात. बुलेट ट्रेन, द्रुतगती महामार्ग, मालगाड्यांचा मार्ग, सगळे याच जमिनीतून. वाढवण बंदर १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारले होते, त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये भूमिपूजन झाले. खर्च ७६ हजार कोटींहून जास्त. मच्छीमार मात्र इतकी वर्षे एकाच प्रश्नाचे उत्तर मागत आहेत: समुद्र बुजवल्यावर आम्ही जायचे कुठे? ब्रॉन्क्सच्या महामार्गाची गोष्ट आणि ही गोष्ट किती वेगळी आहे?

आणि आपण १४ एप्रिलला काय करतो? वर्गणीतला मोठा वाटा डीजेच्या भिंतींवर जातो. नाचण्याला आमचा विरोध नाही. ज्यांना रस्त्यावरून मान वर करून चालू दिले नाही, त्यांनी रस्त्यावर नाचणे हेसुद्धा राजकारण आहे. आमचे म्हणणे एवढेच की त्या मंचावरचा एक तास वस्तीतल्या लिहिणाऱ्या मुला-मुलींना द्या. भाड्याच्या आवाजात तिचा किंवा त्याचा आवाज दबू देऊ नका. मुलींना तर ठरवून द्या, कारण रॅपच्या मंचावरही पुरुषांचीच गर्दी आहे. १० ऑक्टोबरला जेठ्या गांगड आणि त्यांच्या साथींना अभिवादन करायला निळा झेंडा घेऊन जा, आणि १४ एप्रिलच्या मंचावर पाड्यावरच्या कलावंताला मानाने बोलवा. यातून ओळख होईल, ओळखीतून गाणे होईल. घाईने केलेला अल्बम चार दिवस वाजेल. ओळखीतून झालेला अल्बम मात्र मोर्चात वाजेल.

‘स्वदेसी’ने मुंबईत बसून आमच्या जिल्ह्याच्या उठावाचे नाव घेतले, याबद्दल त्यांचे आभार. आता तो इतिहास ज्या मातीत घडला, तिथल्या पोरांनी तो आपल्या बोलीत, आपल्या नावाने आणि आपल्या शेजाऱ्याला सोबत घेऊन सांगावा. वही, मोबाईल आणि मुद्दा, तिन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत.

जय भीम! जय आदिवासी!