१२ व्होल्टचे ३.३ व्होल्ट कसे करतात?

वायफायवर चालणारा दिवा किंवा पंपाचा टायमर घरी बनवणारे अनेक जण ईएसपी३२ वापरतात. ही चिप ३ ते ३.६ व्होल्टवर चालते. हाताशी असलेला अडॅप्टर मात्र बरेचदा १२ व्होल्टचा असतो. तो थेट चिपला जोडला, तर ती जळते. मग व्होल्टेज कमी कसं करायचं?

दोन रेझिस्टर लावून भागेल का?

नाही. वायफाय सुरू होताच चिप जास्त करंट ओढते, व्होल्टेज घसरतं आणि चिप रीसेट होत राहते.

लिनिअर रेग्युलेटर काय करतो?

जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. करंट ०.२ अँपिअर असेल, तर चिपला मिळतात ०.६६ वॅट आणि उष्णतेत जातात १.७४ वॅट! म्हणून व्होल्टेजमधला फरक कमी असेल तिथेच तो बरा.

बक कन्व्हर्टर वेगळा कसा?

तो सप्लाय वेगाने चालू-बंद करतो. एलएम२५९६ मध्ये हे सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा होतं. कॉइल आणि कपॅसिटर त्यातून स्थिर व्होल्टेज तयार करतात. उष्णता बरीच कमी होते.

काय काळजी घ्याल?

नवीन मॉड्यूल किती व्होल्टवर सेट आहे, याचा भरवसा नसतो. आधी मल्टिमीटर लावून आउटपुट ३.३ व्होल्ट करा, मगच चिप जोडा.

बॅटरीवर चालवणार असाल, तर रेग्युलेटर स्वतः किती करंट खातो तेही पाहा. एलएम२५९६ नुसता जोडून ठेवला तरी साधारण ५ मिलिअँपिअर घेतो. म्हणजे २००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी काहीही न चालवता सुमारे १७ दिवसांत संपेल.