व्हेपिंग सोडू पाहणाऱ्या मुलांना मदत कशी करावी?

व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट. तिला फळांचा वास येतो आणि ती पेनड्राइव्हसारखी दिसते, त्यामुळे घरी लवकर कळत नाही. बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असते. किशोरवयात मेंदूची वाढ सुरू असल्याने त्याचे व्यसन लवकर जडते.

कायदा : २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शाळेजवळ विक्री दिसल्यास पोलिसांत तक्रार द्यावी.

सोडताना : चिडचिड, बेचैनी, झोपमोड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पहिले काही दिवस जास्त कठीण जातात. साधारण २ ते ४ आठवड्यांत त्रास ओसरतो. प्रत्येक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी पिणे, चालणे, मित्राला फोन करणे किंवा आनापान करणे उपयोगी पडते.

मदत : सोडण्याची तारीख मुलाने किंवा मुलीनेच ठरवावी. निकोटिनचे च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे.

विहारात : पाचवे शील हे स्वतःहून घ्यायचे शिक्षापद आहे, मोडले तर पुन्हा घेता येते. वंदनेनंतर सर्वांसमोर नाव घेऊन लाजवलेले मूल व्यसन लपवते आणि विहारात येणेही थांबवते. त्याच्याशी एकांतात, मैत्रीभावाने बोला. घसरले, तरी पुन्हा सोबत उभे राहा.