कॉकपिटमधला शेवटचा शब्द

मागच्या व्याख्यानात आपण जहाजाच्या कप्तानाच्या अधिकाराविषयी बोललो. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा. हाच कप्तान पुढे विमानात आला तो हुद्दा, बाहीवरच्या पट्ट्या आणि तो शेवटचा शब्द, सगळं बरोबर घेऊनच आला. आज त्याच्याबद्दल.

हवेत काही बिघडलं तर काय करायचं, याचा यंत्रापुरता विचार लवकर झाला. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचं नवं बॉम्बर चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. कारण काय, तर उभ्या विमानाची शेपटी वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेली अडकण काढायची राहून गेली. त्यानंतर छापील चेकलिस्ट वाचत काम करायची शिस्त रुजली. पण कप्तानाचंच चुकत असेल तर शेजारच्याने काय करायचं? त्याची यादी कुणी केली नव्हती.

२८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं उड्डाण डेन्व्हरहून पोर्टलंडला उतरायला आलं होतं. विमान डीसी-८, आत १८९ माणसं. चाकं खाली सोडताना मोठा धक्का बसला, आणि चाकं पक्की बसल्याची खूण दाखवणारे सगळे दिवे काही लागेनात. कप्तान अनुभवी होता. त्याने उतरणं लांबवलं. चाकांचं काय झालंय ते तपासायचं, प्रवाशांची तयारी करून घ्यायला कर्मचाऱ्यांना वेळ द्यायचा. यात गैर काही नाही, हे लक्षात घ्या. विमान जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिलं.

इंधन मात्र संपत होतं. फ्लाइट इंजिनिअरला ते दिसत होतं, ते बघणं हेच त्याचं काम. कप्तानाने सांगितलं, अजून पंधरा मिनिटं धरून हिशेब कर. तो म्हणाला, पंधरा मिनिटांनी इंधन फारच कमी उरेल. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात हे आहे. आकडे आहेत, इशाराही आहे. 'साहेब, आत्ता उतरलो नाही तर पडू', असं मात्र कुणी म्हटल्याचं त्यात नाही. एकामागून एक इंजिनं बंद पडली आणि विमान धावपट्टीपासून काही मैलांवर, झाडीत वसलेल्या उपनगरात कोसळलं. दहा जण गेले, त्यात तो इंजिनिअरही होता. मोठी आग लागली नाही. जळायला इंधनच उरलं नव्हतं.

चौकशी मंडळाने कप्तानाला दोष दिला, पण तेवढ्यावर थांबलं नाही. उरलेल्या दोघांना एक तर धोका पुरता उमगला नाही, किंवा तो कप्तानापर्यंत पोचवता आला नाही, असंही नोंदवलं. आम्हाला हे दुसरं वाक्य अधिक महत्त्वाचं वाटतं. तिघांपैकी एकाला माहीत आहे, म्हणजे त्या कॉकपिटला माहीत आहे, असं म्हणायचं का? न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे प्रकार पाडले. वाद म्हणजे जिंकण्यासाठी नव्हे, खरं काय ते ठरवण्यासाठी केलेलं बोलणं. गुरुशिष्यांतसुद्धा तो चालतो. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. आणि फळ्यावर आमचं चुकलं की मुलं आपापल्या वहीत दुरुस्त करून घ्यायची, बोलायची नाहीत. तो आदर आहे असं समजून आम्हाला बरंही वाटायचं!

असो. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, आणि १९८१ पासून युनायटेडने वैमानिकांना नवं प्रशिक्षण सुरू केलं. कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलायची, वरिष्ठाने ती विचारून घ्यायची. जुन्या वैमानिकांपैकी काहींनी 'शिष्टाचाराची शाळा' म्हणून त्याची टर उडवली.

याच कंपनीचं दुसरं उड्डाण बघा, २३२ क्रमांकाचं. १९ जुलै १९८९, डेन्व्हरहून शिकागोकडे, विमान डीसी-१०, माणसं २९६. शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती फुटली, तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. म्हणजे सुकाणू फिरवावं, पण काहीच हलू नये. याची चेकलिस्ट नव्हती, कारण असं होणारच नाही असं धरलेलं होतं. डीसी-१० वर वैमानिकांना शिकवणारे डेनिस फिच योगायोगाने प्रवाशांत होते. त्यांनी मदत देऊ केली आणि कप्तान अल हेन्स यांनी त्यांना आत बोलावलं. फिच खाली गुडघे टेकून दोन उरलेल्या इंजिनांचे थ्रॉटल कमीजास्त करत राहिले, एवढ्यावरच विमान वळत होतं, तेही मुख्यतः उजवीकडेच. सू सिटीच्या नियंत्रकाने हव्या त्या धावपट्टीवर उतरायची मुभा दिली, तेव्हा हेन्स हसून म्हणाले, धावपट्टीच पाहिजे असा हट्ट आहे होय तुमचा!

बिघाडापासून ४४ मिनिटांनी विमान धावपट्टीवर आदळलं आणि तुटलं. ११२ माणसं गेली, १८४ वाचली. त्या ११२ जणांना बाजूला ठेवून या उड्डाणाला यश म्हणणं आम्हाला जमत नाही. पण नंतर सिम्युलेटरमध्ये वैमानिकांनी तोच प्रसंग करून बघितला, तेव्हा विमान सुखरूप उतरवणं कुणालाही साधलं नाही.

हेन्स पुढे व्याख्यानं देत हिंडले. ते सांगायचे, कॉकपिटमध्ये आमचा चौघांचा मिळून १०३ वर्षांचा उड्डाणाचा अनुभव होता, पण असं विमान उतरवण्याचा सराव एका मिनिटाचाही कुणाला नव्हता. मग इतर तिघांपेक्षा मलाच जास्त कळतं, असं मी का समजायचं?

चपटा झालेला कॉकपिटचा तुकडा बचाव पथकाला आधी ओळखूच आला नाही. अर्ध्या तासाहून अधिक वेळाने त्यातून चौघांना बाहेर काढलं. चौघेही जिवंत होते, आणि बरे झाल्यावर पुन्हा विमान चालवायला गेले.