कालगणनेतील ‘हरवलेले’ दिवस

जगातील चमत्कारिक गोष्टींच्या संग्रहांत एक कथा हमखास आढळते. इ. स. १७५२ मध्ये इंग्लंडच्या सरकारने पंचांगातून अकरा दिवस काढून टाकले. तेव्हा आपले आयुष्यच तेवढ्या दिवसांनी घटले अशा समजुतीने अडाणी जनता रस्त्यावर उतरली आणि ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ अशी ओरड करीत तिने दंगे केले, अशी ती कथा होय. तिचा पूर्वार्ध अक्षरशः खरा आहे; उत्तरार्धाला मात्र समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही. खरे आणि खोटे येथे ज्या रीतीने एकत्र आले आहे, ती रीत इतिहासाच्या अभ्यासकाने पारखून घेण्याजोगी आहे.

प्रथम पूर्वार्धाचा विचार करू गेल्यास त्याचे मूळ रोमन काळात सापडते. ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४५ पासून जे पंचांग रूढ केले, त्यात वर्षाचे मान ३६५ दिवस ६ तास धरले होते. प्रत्यक्ष सौर वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ही चूक क्षुल्लक वाटली तरी सुमारे १२८ वर्षांत ती एका दिवसाएवढी होते. इ. स. ३२५ मधील नायसियाच्या धर्मपरिषदेच्या सुमारास २१ मार्चला येणारा वसंतसंपात सोळाव्या शतकात ११ मार्चवर आला. ईस्टरचा सण या संपातावरून ठरत असल्याने चर्चला ही गोष्ट उपेक्षिता येण्यासारखी नव्हती. लिलियस या इटालियन विद्वानाची योजना क्लाव्हियस या जेझुइट गणितज्ञाच्या साहाय्याने तपासून पोप तेरावा ग्रेगरी याने २४ फेब्रुवारी १५८२ रोजी आज्ञापत्र काढले. त्यानुसार शतकाच्या वर्षांपैकी ज्यांना ४०० ने भाग जातो तेवढीच लीप वर्षे ठरली, आणि साचलेली चूक काढण्यासाठी गुरुवार ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. स्पेनमधील संत तेरेसा ४ ऑक्टोबरच्या रात्री निवर्तली, आणि दुसऱ्या दिवशी तिचे दफन झाले ते १५ ऑक्टोबरला! वारांचा क्रम मात्र कोठेही तुटला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

स्पेन, पोर्तुगाल व इटलीतील राज्ये यांनी ही सुधारणा तत्काळ स्वीकारली. प्रॉटेस्टंट व पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स देशांनी ती पोपची म्हणून नाकारली. परिणामी एकाच दिवसाला शेजारच्या दोन देशांत दोन तारखा पडू लागल्या. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस या दोघांच्या निधनाची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी सांगितली जाते व त्या योगायोगाचे कौतुक होते. परंतु स्पेनची तारीख नव्या पद्धतीची व इंग्लंडची जुन्या पद्धतीची असल्याने या दोन तारखांमध्ये दहा दिवसांचे अंतर आहे. रशियाने नवी पद्धती १९१८ मध्ये घेतली. म्हणूनच १९१७ ची ‘ऑक्टोबर क्रांती’ नव्या गणनेने ७ नोव्हेंबरला येते.

स्वीडनची गोष्ट याहून विलक्षण आहे. एकदम दिवस गाळण्याऐवजी १७०० पासून चाळीस वर्षे लीप दिवस वगळीत जावे, असे तेथे ठरले. १७०० चा लीप दिवस वगळण्यात आला; परंतु पुढे युद्धाच्या धामधुमीत १७०४ व १७०८ मध्ये तो ठरल्याप्रमाणे वगळला गेला नाही. त्यामुळे स्वीडनचे पंचांग जुन्याशीही जुळेना व नव्याशीही जुळेना. अखेर राजा बारावा चार्ल्स याने जुन्या पद्धतीकडे परतण्याचे ठरविले, आणि वगळलेला दिवस भरून काढण्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीला तीस दिवस दिले. ३० फेब्रुवारी ही तारीख स्वीडनमध्ये खरोखरच उजाडली होती. नवी पद्धती तेथे कायमची आली ती १७५३ मध्ये.

इंग्लंडमध्ये लॉर्ड चेस्टरफील्डच्या पुढाकाराने कायदा झाला. बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर आला. याच कायद्याने वर्षारंभ २५ मार्चवरून १ जानेवारीवर आणला. त्यामुळे १७५१ हे वर्ष अवघ्या २८२ दिवसांचे झाले. भाडे, कर्ज व करार यांच्या मुदती मात्र पूर्वीइतक्याच प्रत्यक्ष दिवसांनी पुऱ्या व्हाव्यात, अशी तरतूद कायद्यात होती. म्हणजे लोकांचे दिवस बुडू नयेत याची काळजी कायदा करणाऱ्यांनीच घेतली होती.

मग दंगलींची कथा आली कोठून? विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७५५ च्या सुमारास निवडणुकीवर जी उपरोधिक चित्रे काढली, त्यांपैकी एकात जमिनीवर पडलेल्या फलकावर अकरा दिवसांच्या मागणीचे शब्द आहेत. या चित्रांना १७५४ च्या ऑक्सफर्डशायरमधील निवडणुकीची पार्श्वभूमी होती. तेथील एका उमेदवाराचा पिता मॅक्लेसफील्डचा अर्ल हा कालगणनेच्या सुधारणेचा पुरस्कर्ता असल्याने प्रतिपक्षाने हा विषय त्याच्याविरुद्ध वापरला. सणांच्या तारखा बदलल्याबद्दल नापसंती होती, हे खरे. पण चित्रातील व्यंग्याला पुढील लेखकांनी घडलेली घटना मानले, आणि एकाचे वाचून दुसऱ्याने लिहिले. इतिहासकार रॉबर्ट पूल यांनी १९९० नंतरच्या दशकात या कथेची छाननी करून दंगलींचा पाया किती पोकळ आहे ते दाखविले आहे. तिथीचा क्षय झाला म्हणून कोणाचे आयुष्य घटत नाही, हे पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. इंग्लंडमधील शेतकऱ्याला तेवढेही कळत नव्हते असे मानण्यात उत्तरकालीन सुशिक्षितांचा अहंकारच दिसून येतो.

हा विषय केवळ युरोपपुरता मर्यादित नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधने मराठी, फार्सी, पोर्तुगीज, इंग्रजी अशा अनेक भाषांत आहेत. सतराव्या शतकातील गोव्याचे पोर्तुगीज नव्या पद्धतीने तारीख घालीत, तर सुरत व मुंबईचे इंग्रज जुन्या पद्धतीने. त्यामुळे एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांवर दहा दिवसांच्या अंतराच्या तारखा असत. त्यात इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदले. सुरतेवरील पहिली स्वारी १६६४ च्या जानेवारीतील, परंतु त्या रीतीने तो महिना १६६३ मध्येच मोडे. हा भेद न जाणता पत्रे लावल्यास उत्तर आधी व पत्र मागून, असा विपर्यास होणे अटळ आहे.

शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही सर्वश्रुत तारीखही जुन्या पद्धतीचीच आहे. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीशी जुळणारा तो दिवस आजच्या पद्धतीने १६ जून येतो. त्याचप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३० ही शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेशी जुळणारी तारीख नव्या गणनेने १ मार्च होते. यात कोणतीही तारीख खोटी ठरत नाही. ती कोणत्या पद्धतीची, एवढे सांगणे मात्र आवश्यक ठरते.

तात्पर्य, दिवस कोणीच हरवले नव्हते. हरवली होती ती दिवसांची नावे. तारीख हे मनुष्याने दिवसाला दिलेले नाव होय, आणि नाव कोणी व कोणत्या रीतीने दिले हे पाहिल्याविना त्यावर कार्यकारणाची उभारणी करणे धोक्याचे असते. १७५२ च्या कथेतही हीच चूक निराळ्या रूपाने झाली. तेथे चित्रातील फलक दंगलीचा पुरावा मानला गेला, आणि तो फलक कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने रंगविला हे विचारण्याचे राहून गेले.