खाला, मावशी आणि लाल शाई

जुलैमधली गोष्ट. आठवीच्या मराठीच्या वह्या तपासायला घरी आणल्या होत्या. दहिसरला पावसाने लोकल रखडल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शाळा भरेल की नाही याची खात्री नव्हती. तरी वह्या संपवून टाकाव्यात म्हणून बसले. निबंधाचा विषय होता 'माझी आवडती व्यक्ती'. एका मुलीने आपल्या खालाबद्दल लिहिले होते. अब्बू आजारी पडले तेव्हा खालाने दोन महिने घर कसे सांभाळले, शिवणकाम करून औषधांचे पैसे कसे उभे केले, रात्री सगळे झोपल्यावर ती दुआ कशी मागायची. निबंध मनापासून लिहिलेला होता. मी मात्र लाल पेनाने 'खाला' शब्दाभोवती गोल केला आणि वर लिहिले 'मावशी'. एका पानावर सहा वेळा. 'अब्बू'च्या जागी 'वडील', 'दुआ'च्या जागी 'प्रार्थना'. शेवटी शेरा दिला, 'आशय छान, भाषा शुद्ध हवी.'

वही परत घेताना ती मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, पण आमच्या घरात मावशी कुणी नाहीच. खालाच आहे."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही विषय शिकवते. त्याच आठवड्यात उर्दूच्या तासाला एका मुलाने संवादात 'नक्को' लिहिले होते. तेही मी खोडले होते. म्हणजे मराठीच्या तासाला खाला चुकली आणि उर्दूच्या तासाला नक्को चुकले. हे मला फार लागले, कारण पस्तीस वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत माझ्याही वहीत असेच गोल पडले होते. 'दादी' खोडून 'आजी' केले होते. घरी दादीला ते दाखवले तेव्हा ती म्हणाली, "रहन दे बेटा, उनकी आजी अलग, तेरी दादी अलग." तेव्हा ठरवले होते की मोठेपणी असे करायचे नाही. आणि केले.

हे शब्द चुकीचे आहेत असे नेमके कुणी ठरवले, हा प्रश्न मग डोक्यातून जाईना. मराठीच्या इतिहासात शोधत गेले की या प्रश्नाची तीन-चार वेगवेगळी उत्तरे सापडतात.

सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी एक रचना केली, तिचे नाव 'अर्जदास्त'. त्या काळी सरकारदरबारी जो अर्ज फारसी वळणाच्या भाषेत लिहिला जाई, त्याच घाटात त्यांनी जिवाची कैफियत देवापुढे मांडली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीत अधिकारी होते. कचेरीची भाषा नाथांच्या कानावर रोज पडत होती आणि ऐकणाऱ्या रयतेलाही ती कळत होती. भागवतावर टीका लिहिताना नाथांची मराठी वेगळी आहे, भारुडात वेगळी. 'हिंदू-तुर्क संवाद'ही त्यांचाच. कोणते शब्द कुठे शोभतात हे त्यांनी ऐकणाऱ्याकडे पाहून ठरवले.

त्यानंतरच्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. १६४५ सालचा हा ग्रंथ मराठी ओवीत आहे. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, तेही ओवीत, रोमन अक्षरांत. एक मुसलमान, एक इंग्रज पाद्री. दोघांनाही मराठीत लिहिण्यासाठी कुणाचा परवाना लागला नाही. भाषा ज्याला येते त्याची, हा तेव्हाचा साधा व्यवहार होता.

शब्दांची पहिली मोठी सरकारी निवड झाली ती शिवाजी महाराजांच्या काळात. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे ते काम होते. कारभारातल्या सुमारे १,४०० फारसी, अरबी आणि दखनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती.

आपल्याकडे या कोशाकडे दोन टोकांनी पाहतात. एक बाजू म्हणते, मराठीतून परके शब्द हाकलण्याची ती सुरुवात. दुसरी बाजू त्यावर नाराज होते. मला वाटते, दोघांनीही त्यामागचे कारण नीट पाहायला हवे. नवे सार्वभौम राज्य उभे राहिले होते. आदिलशाही, निजामशाही, मोगल यांच्या कचेऱ्यांची जी भाषा, तीच आपल्या कचेरीची असेल तर राज्य वेगळे झाले हे दिसणार कसे? कोश कारभारासाठी होता. रयतेच्या घरात कुणी काय बोलावे यासाठी तो नव्हता. खुद्द महाराजांच्या पत्रांमध्येही फारसी शब्द पुढे येतच राहिले.

आणि पुढे काय झाले ते पाहा. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ भट मुख्य प्रधान झाले. पण लोक त्यांना आणि त्यांच्या वंशजांना १८१८ पर्यंत पेशवेच म्हणाले, आजही म्हणतात. फडणीस, सबनीस, पोतनीस, चिटणीस, मुजुमदार, दफ्तरदार ही आडनावे घराघरात राहिली. पारसनीस म्हणजे तर फारसीनवीस, फारसी लिहिणारा. दुसरीकडे कोशाच्या वळणाचे शब्दही मेले नाहीत. सचिव आज मंत्रालयात बसतात, पंतप्रधान दिल्लीत. म्हणजे दोन्ही शब्द जगले, आपापली जागा धरून. हुकमाने शब्द आणता येतो, पण लोकांच्या तोंडातला शब्द हुकमाने काढता येत नाही.

दुसरी मोठी मोहीम १९२० च्या दशकात झाली. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ सुरू केली. उर्दू, फारसी आणि इंग्रजी शब्द काढून संस्कृतवरून घडवलेले शब्द वापरावेत असा तिचा आग्रह होता. त्यांच्या नावावर सांगितले जाणारे दिनांक, महापौर, दूरध्वनी हे शब्द आज आपण सगळे वापरतो, मीही वापरते. चांगला शब्द कुणी दिला यावरून तो नाकारू नये. पण फरक असा की राज्यव्यवहारकोश कचेरीपुरता होता आणि ही चळवळ लेखकाच्या टेबलापर्यंत आली. इथे शब्द समजतो की नाही हा मुद्दा मागे पडला आणि शब्द कुठून आला हा मुद्दा पुढे आला. ज्यांच्या घरातच ते शब्द नांदत होते, त्यांना याचा अर्थ न सांगता कळला.

या चळवळीतले सर्वात चटका लावणारे नाव माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन यांचे. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. मराठीत गझल रुजवली ती त्यांनी, उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या त्या त्यांनी. आणि हेच जूलियन पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९३८ मध्ये त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले, पुढच्या वर्षी ते गेले. ज्या माणसाला प्रत्येक शब्दाचे मूळ माहीत होते, त्यालाच ते मूळ अडचणीचे वाटू लागले. मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. त्यांचा कोश माझ्या कामाचा आहे आणि मराठी गझल ही त्यांचीच देणगी आहे. पण वहीत लाल गोल करताना माझ्या हातात तेच बळ होते, हे मला मान्य करावे लागते.

मग मी नियम उघडले. शाळेत आपण 'शुद्धलेखनाचे नियम' म्हणून ज्यांचा धाक घालतो ते मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ मध्ये शासनाने १४ नियम स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. एकूण १८. या नियमांनी 'नांव'वरचा न उच्चारला जाणारा अनुस्वार काढला, ह्रस्व-दीर्घ कुठे लिहावे ते सांगितले, सामान्यरूप कसे करावे ते सांगितले. पात्राच्या तोंडी बोलल्याप्रमाणे 'असं केलं' लिहायला मुभा दिली. हे नियम उपयोगाचे आहेत. लिहिणारा चंद्रपूरचा आणि वाचणारी दहिसरची असली तरी दोघांना एकच लेखन ओळखू यावे म्हणून ते असतात. मी ते शिकवते आणि शिकवत राहीन.

पण अठराच्या अठरा पुन्हा वाचले. कुठलाही नियम 'खाला' लिहू नका असे सांगत नाही. त्या मुलीने 'खालाने', 'खालाला', 'खालाच्या' असे लिहिले होते. विभक्ती बरोबर, ह्रस्व-दीर्घ बरोबर. नियमानुसार तिची एकही चूक नव्हती. चूक ठरवली ती माझ्या सवयीने, आणि नाव लावले नियमाचे. आपल्याकडे भाषेच्या नावाने जे अपमान होतात त्यातले बरेच असेच असतात. लेखनाचा नियम वेगळा आणि 'असे शब्द आमच्यात चालत नाहीत' हे वेगळे. पहिल्यामुळे भाषा सगळ्यांना खुली होते, दुसऱ्यामुळे काहींना बंद.

आता थोडे आपल्या घरात पाहू, कारण हा दोष फक्त मराठीवाल्यांचा नाही. उर्दूतही अशीच सफाई झाली. वली औरंगाबादचे, आपल्या महाराष्ट्रातले. दखनीत लिहिणारे. अठराव्या शतकात त्यांचा दीवान दिल्लीला पोहोचला आणि तिथल्या कवींनी उर्दूत गझल लिहायला घेतली. पण पुढे त्याच दिल्ली-लखनौने दखनी शब्द गावंढळ ठरवले. लखनौच्या नासिख यांचे नाव 'इस्लाहे जबान'शी जोडले जाते. टाकून दिलेल्या शब्दांसाठी उर्दूत शब्दच आहे, 'मतरूकात'. त्या टाकलेल्या शब्दांत देशी शब्द पुष्कळ होते. आमच्या दादीचे 'नक्को' हे मराठीच्या 'नको'तून आलेले आणि 'वोइच' मधला 'च'ही मराठीचा. तिला त्यात काही मिसळले आहे असे कधी वाटले नाही. आज आपल्यातलेच शिकलेले लोक दखनी बोलणाऱ्याला हसतात, आणि मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला 'तुम्हारी जबान तो उर्दू है' असे ऐकवतात. एकीकडून मराठी अशुद्ध, दुसरीकडून उर्दू अशुद्ध. मग आपल्या मुलांनी बोलायचे तरी कशात?

१९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासूनची चळवळ याच प्रश्नाचे उत्तर शोधते आहे. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य घातले. त्या लेखनातून मोहल्ला, निकाह, रोजा, अम्मी हे शब्द तळटीप न घेता मराठीत आले आणि वाचकांना ते अडले नाहीत.

कायद्याचे उत्तरही अलीकडे मिळाले. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत नाव होते. ते काढावे म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी उर्दू पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मली, असे त्या निकालात म्हटले आहे. अदालत, हलफनामा, पेशी हे न्यायालयातले नेहमीचे शब्द उर्दूतले आहेत याची आठवणही त्यात आहे. निकाल मोलाचा आहे. पण वहीतल्या लाल गोलावर कुठल्या न्यायालयात जाणार? ते आम्हा शिक्षकांनाच निस्तरायचे आहे.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर काही शब्द लिहिले. हजेरी, दप्तर, कागद, खुर्ची, तक्ता, मैदान, रजा, हुशार, शाबास. विचारले, हे मराठी की उर्दू? अर्धा वर्ग म्हणाला मराठी, अर्धा उर्दू. मग सांगितले, आले फारसी-अरबीतून, पण मराठीत येऊन मराठीच्या रीतीने राहिले. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी, मराठीत तेच पाठीवर घेऊन तुम्ही शाळेत येता. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे समझोता, मराठीत पद सोडणे. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार, मराठीत शिकस्त करणे म्हणजे जिवापाड प्रयत्न करणे. मुले खूप हसली. पण पाहुणा घरचा कसा होतो, हे त्यांना कळले असावे.

त्यानंतर वह्या तपासताना मी स्वतःला दोनच प्रश्न विचारते. वाचणाऱ्याला कळेल का? आणि ज्या माणसाची गोष्ट आहे त्याच्या घरात हाच शब्द आहे का? दोन्हीचे उत्तर हो असेल तर पेन उचलायचे नाही. ह्रस्व-दीर्घ चुकले तर मात्र सोडत नाही. सरकारी अर्ज लिहायचा असेल तर 'वडील' आणि 'दिनांक' लिहायला शिकवते, कारण तिथली ती रीत आहे आणि मुलांना ती यायलाच हवी. निबंधात खालाला खालाच राहू देते.

त्या मुलीची वही मी परत मागवून घेतली. सहा गोल खोडले, शेरा बदलला. तिने विचारले, "टीचर, मग तुमचीच चूक होती का?" मी हो म्हणाले. ज्या शाईने मी ती चूक केली, ती 'लाल शाई' दोन्ही शब्दांसकट फारसीतून आलेली आहे, हे तिला सांगितले. 'शाई' म्हणजे मुळात सियाही, काळा रंग. ती म्हणाली, "म्हणजे लाल काळी?" आणि हसत जागेवर जाऊन बसली.