गुंठ्याची कहाणी

चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हें कोष्टक मराठी शाळेंतील मुलें पाठ करीत आलीं आहेत. परंतु ज्या गुंठ्यानें पवना व इंद्रायणी यांच्या कांठच्या गांवांचें रूप पालटलें, त्याचा इतिहास क्रमिक पुस्तकांत सांपडत नाहीं. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तितकीच रुंद जागा, १०८९ चौरस फूट. इंग्रजी अमदानींतील मोजणीनें तो दप्तरांत रूढ केला. शेतकऱ्याच्या लेखीं तें पिकाचें माप होतें. चाकणचा कुणबी त्यावर कांद्याचा अंदाज बांधी. घराचें माप तें फार उशिरां झालें.

त्यापूर्वीं हा मुलूख प्रसिद्ध होता तो निराळ्या कारणांसाठीं. चिंचवडास मोरया गोसावींची समाधि. चाकणास संग्रामदुर्ग, जो १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाविरुद्ध नेटानें लढविला. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी धांवूं लागली, तरी तिच्या दुतर्फा शेतेंच राहिलीं. खरा पालट १९५४ नंतरचा. त्या सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि पुढें टेल्को व बजाज यांचे कारखाने उभे राहिले. कामकरी मराठवाड्यांतून, खानदेशांतून, साताऱ्या-सोलापुराकडून आले. यंत्रें आलीं, माणसें आलीं. माणसांना राहावयास घरें मात्र त्या वेगानें आलीं नाहींत.

नगररचना व्यवस्थित व्हावी म्हणून १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. निगडीकडे आंखीव पेठा पडल्या व भूखंड नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिले गेले. ज्यांना ते मिळाले त्यांचें कल्याण झालें, यांत संशय नाहीं. पण ज्यांच्या शेतांतून त्या पेठा निघाल्या, त्यांतील कित्येक कुटुंबें साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून दशकानुदशकें दाद मागत राहिलीं. भूखंडाच्या नफ्याचा हिशेब मांडतांना ही बाजू बहुधा वगळली जाते.

भूखंड न मिळालेल्यांनी गुंठ्याचा आश्रय केला. थेरगांव, काळेवाडी, रहाटणी, चिखली, तळवडें या गांवीं शेतांचे अर्ध्या-एका गुंठ्याचे तुकडे पडले. १९४७ च्या कायद्यानें ठराविक क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास बंदी होती. १९४८ च्या कूळकायद्यान्वयें बिगरशेतकऱ्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नसे. तेव्हां व्यवहार झाले ते मुद्रांकावर साठेखत लिहून आणि नोटरीचा शिक्का मारून. कोठें दहा-बारा खरेदीदारांचीं नांवें एकाच सात-बारावर सामाईक चढलीं. रस्ता दलालाच्या कागदावर वीस फुटी असे. जागेवर बैलगाडी वळेल तर भाग्य! असल्या कागदावर बँक कर्ज देईना. म्हणून भविष्यनिर्वाह निधि, गांवाकडील शेताची विक्री आणि बायकोचे दागिने, यांवरच तीं घरें उठलीं. त्या लोकांस बेकायदा म्हणणें सोपें आहे. त्यांना त्या पगारांत परवडेल असें कायदेशीर घर तेव्हां फारसें कोठें मिळत नव्हतें, हेंहि त्याच वेळीं सांगितलें पाहिजे.

२००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला व पुढें त्याची मुदतहि वाढविण्यांत आली. तरी सर्वच सुटले नाहींत. प्राधिकरणानें राखून ठेवलेल्या जागांवर घरें होतीं. देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळें तळवडें, यमुनानगर या बाजूस संरक्षण खात्याचे निर्बंध होते. २०१७ सालीं वर्तुळ मार्गाच्या आंखणींत घरें सांपडून लोक रस्त्यावर उतरले. चाकणकडे तऱ्हा निराळी: तेथें विमानतळ होणार या वार्तेवर कित्येकांनीं जमिनी घेतल्या, आणि २०१६ सालीं तो बेत पुरंदराकडे वळला.

यावरून नवख्यास प्रश्न पडतो, आरंभ कोठून करावा? दर विचारण्याच्या आधीं दप्तर पाहण्यापासून. सात-बारा व त्यामागचे फेरफार, दुय्यम निबंधकाकडील तीस वर्षांचा शोध, बिनशेतीचा हुकूम, मंजूर रेखांकन, विकास आराखड्यांतील क्षेत्र. सात-बारा मुख्यत्वें कबजा व महसूल सांगतो. मालकीचा तो अखेरचा पुरावा नव्हे. दलालास मात्र तेवढाच कागद पुरेसा वाटतो.

चिखलीचें अगदीं अलीकडचें उदाहरण याच जातीचें आहे. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आंत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराच्या मर्यादेंत, लोकांनीं पैसे मोजून जागा घेतल्या व बंगले बांधले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ते पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयांतहि दाद लागली नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत महापालिकेनें तेथील ३६ बंगले जमीनदोस्त केले. ती निळी रेषा सात-बारावर आंखलेली नसते. ती पाटबंधारे खात्याच्या नकाशांत पाहावी लागते.